मदत हवी आहे: पांढरा बॉल चिकटलाय, फाउल की नाही? लवकर सांगा

घाईतबंड्या: पांढरा दुसऱ्या बॉलला चिकटला होता. मी तो उलट दिशेला मारला. चिकटलेला बॉल जागचा हलला नाही, पांढरा पुढे कशालाच लागला नाही. मित्र म्हणतो फाउल. मी म्हणतो, चिकटलेला असला की लागला असंच धरतात. सगळे बॉल तसेच ठेवून भांडतोय आणि टेबलाचा तास संपत आलाय. फक्त हो की नाही सांगा.

खडूचीधूळ: खेळ कुठला?

घाईतबंड्या: क्यूने खेळतात तो. हे काय विचारणं झालं?

पट्टेवाला: सरळ फाउल. चिकटलेल्या बॉलपासून लांब मारलं तर तो लागला असं धरत नाहीत. आता समोरचा पांढरा हवा तिथे ठेवून खेळणार. रोज एट-बॉल पूल खेळतो, मला शिकवू नका.

कुशनकाका: काहीही! चिकटला की लाल त्याच्या स्पॉटवर, दुसऱ्याचा बॉल मधल्या स्पॉटवर, आणि आपण डीमधून, म्हणजे टेबलाच्या टोकाकडच्या अर्धगोलातून खेळायचं. फाउल कसला त्यात?

पट्टेवाला: काका, ते तीन बॉलचं बिलियर्ड्स झालं. आता कोण खेळतं ते?

कुशनकाका: ज्यांना कॅनन, म्हणजे एकाच फटक्यात दोन्ही बॉलना लावणं जमतं ते. तुम्ही ब्रेक दणकवा आणि काय पडतंय ते बघत बसा.

घाईतबंड्या: पंधरा लाल मांडून सुरू केलं, म्हणजे स्नूकरच ना!! अजून किती सांगू?

निळाडोंगर: मुळात चिकटतोच का? स्टन शिका. जवळचा बॉल असेल तर पांढऱ्याला मधोमध, लांबचा असेल तर जरा खाली, कारण कापडावरून जाता जाता उलटी फिरकी मरते. सरळ शॉटला पांढरा जागीच थांबेल. आणि क्यूची मागची बाजू उचलू नका, सगळे नवशिके तेच करतात.

घाईतबंड्या: हे मी विचारलं होतं का?

खडूचीधूळ: चिकटलेला बॉल कुठला? आणि त्याआधी काय पॉट केलंत?

घाईतबंड्या: लाल. आधीच्या शॉटला दुसरा एक लाल घातला होता. त्याचा काय संबंध?

खडूचीधूळ: अहो, हेच आधी सांगायचं! लाल घातल्यावर पाळी रंगाची, म्हणजे लाल सोडून दुसऱ्या बॉलची. तुमचं म्हणणं बरोबर, पण चिकटलेला बॉल मारायचाच बॉल असेल तरच. तुमचा चिकटलेला लाल, मारायचा रंग. म्हणजे लालला न हलवता बाहेर काढायचा आणि रंगाला लावायचाही. कुठला सांगितला होता?

घाईतबंड्या: गुलाबी.

पट्टेवाला: चार गुण गेले.

खडूचीधूळ: चार हे कमीत कमी. सांगितलेला रंग त्याहून मोठा असेल तर तेवढे. गुलाबी म्हणजे ६.

कुशनकाका: अवांतर: स्नूकर हा शब्द नवख्या कॅडेटसाठी होता. १८७५ साली जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने हा खेळ काढला असं सांगतात. बिलियर्ड्सच्याच टेबलावर, बरं का.

पट्टेवाला: ब्रिटनचा पंतप्रधान?

कुशनकाका: तो वेगळा. १८७५ मध्ये तो सहा वर्षांचा होता.

घाईतबंड्या: इतिहास नंतर! माझा लालचा १ गुण राहतो ना?

खडूचीधूळ: राहतो. पण मित्राला हवं तर तो तुम्हालाच पुन्हा खेळायला लावू शकतो.

घाईतबंड्या: हे कशाला लिहिलंत? तो खांद्यावरून वाचतोय. तास वाढवला आणि मलाच खेळ म्हणतोय. पांढरा तपकिरीच्या मागे जाऊन बसलाय. आता गुलाबीच मारायचा का?

खडूचीधूळ: बॉल आहेत तिथूनच खेळणार असाल तर नाही. ती पाळी संपली, आता लाल. कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेवर आपटवून घ्या.

निळाडोंगर: तपकिरीच्या मागून? मसे मारा की, क्यू उभा धरून पांढरा वळवा!

खडूचीधूळ: त्यांचं ऐकू नका. कापड फाटेल.