पाणबुड्यांचा हिशेब विचारणारा आणि चर्चला कोर्टात खेचू पाहणारा सिनेटर एकच : हे एक काम की दोन?

पॅरामाटाकर

सिडनीत चौदा वर्षं काढली, पण इथल्या राजकारणात खरा रस आला तो सिनेट एस्टिमेट्स बघायला लागल्यापासून. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : वर्षातून काही वेळा खात्यांचे बडे अधिकारी, संरक्षण खात्याच्या बाबतीत गणवेशातले अ‍ॅडमिरल-जनरलसुद्धा, सिनेटरांसमोर बसतात आणि खर्चाच्या निमित्ताने जवळजवळ काहीही विचारता येतं. सगळं थेट प्रक्षेपण. आपल्या राज्यसभेत उत्तर मंत्री देतो, आणि सचिव स्थायी समितीपुढे येतात ते बंद दाराआड.

तिथे संरक्षणावर सर्वात चिवट प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एक म्हणजे ग्रीन्स पक्षाचे डेव्हिड शूब्रिज. ऑकस कराराचा (ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांचा, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांसाठीचा) २६८ ते ३६८ अब्ज डॉलरचा अंदाज, अमेरिकेच्या पाणबुडी कारखान्यांसाठी ऑस्ट्रेलियाने द्यायचे ३ अब्ज अमेरिकी डॉलर, अणुकचरा कुठे पुरणार, हे त्यांचे नेहमीचे विषय. पण २०२२ मध्ये सिनेटमध्ये येण्याआधी ते बारा वर्षं न्यू साउथ वेल्सच्या वरिष्ठ सभागृहात होते आणि तिथे त्यांची एक ओळख वेगळीच होती : संस्थांमध्ये लहानपणी अत्याचार झालेल्यांच्या बाजूने भांडणारा बॅरिस्टर. 'एलिस बचाव' म्हणून चर्चला दाव्यातून सुटायला जी कायद्यातली पळवाट होती, ती बुजवायला त्यांनी खासगी विधेयक आणलं होतं. ते पास झालं नाही. पुढे २०१८ मध्ये सरकारनेच तसा कायदा केला.

माझे इथले एक मित्र म्हणतात, "हा माणूस दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे. एकतर पीडितांचं बघावं, नाहीतर संरक्षणाचं." मला ते पटत नाही. माझ्या मते ते एकच काम आहे. चर्च असो की संरक्षण खातं, चूक झाली की पहिली धडपड संस्थेची अब्रू वाचवायची, माणसाचा नंबर नंतर. चर्चचे वकील कसे बोलतात हे ज्याने वर्षानुवर्षं ऐकलंय, त्याला "राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येणार नाही" हे वाक्य कधी खरं आणि कधी पांघरूण, हे लवकर कळतं.

तुम्हाला काय वाटतं?

सरळरेषा

असहमत, आणि जोरात असहमत.

चर्चने कागद लपवले ते पैसे आणि इभ्रत वाचवायला. नौदल कागद लपवतं कारण समोर खरोखरचा प्रतिस्पर्धी आहे. या दोन गुप्तता एकाच पारड्यात घालणं म्हणजे घरफोड्याने लावलेलं कुलूप आणि बँकेने लावलेलं कुलूप सारखंच म्हणणं.

दुसरं, ग्रीन्सची अधिकृत भूमिकाच ऑकसमधून बाहेर पडा अशी आहे. म्हणजे निकाल आधी ठरलाय, साक्षीदार नंतर बोलावलेत. ऑकस वाईट आहे असं म्हणायचं असेल तर म्हणा की, लोकशाही आहे. पण त्याला पीडितांच्या कामाचं पुण्य जोडू नका. एका ठिकाणी कमावलेली सहानुभूती दुसऱ्या ठिकाणी वटवण्याचा हा प्रकार आहे.

चहाबिस्किट

कुलपाच्या उपमेला +१. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पॅरामाटाकर

@सरळरेषा, कुलूप बँकेचं आहे हे मान्य. पण बँकेतल्याच लोकांनी आत काय केलं ते बघा.

फ्रीमँटलजवळ एचएमएएस लीउविन नावाचा नौदलाचा प्रशिक्षणतळ होता. १९६० ते १९८४ तिथे १५-१६ वर्षांची पोरं भरती व्हायची. बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या रॉयल कमिशनने (सरकारने नेमलेला उच्चाधिकार चौकशी आयोग) २०१६ मध्ये संरक्षण दलांवर स्वतंत्र सुनावणी घेतली : लीउविन, बाल्कमची लष्करी अप्रेंटिस शाळा, आणि कॅडेट. मोठ्या मुलांनी धाकट्यांवर केलेले अत्याचार आणि तक्रार केली तर "मर्द हो" छाप उत्तरं, हे सगळं तिथे साक्षीत आलं. त्यात शत्रूपासून लपवण्यासारखं काय होतं?

२०११ मध्ये डिफेन्स अकादमीत एका कॅडेट मुलीचं तिच्या नकळत स्काइपवरून चित्रण दाखवलं गेलं, त्यानंतर हे झाकण उडालं. चौकशी नेमली तर १९५० च्या दशकापर्यंतचे आरोप बाहेर आले. २०१२ च्या नोव्हेंबरात मंत्र्यांना संसदेत माफी मागावी लागली, टास्कफोर्स नेमावा लागला. भरपाई किती, तर जास्तीत जास्त ५० हजार डॉलर. म्हणजे संरक्षण आणि संस्थांतले पीडित हे दोन विषय मी जोडले नाहीत, ते आधीपासून जोडलेले आहेत.

वसईची_पोर

मी मेलबर्नला असते, वसईची कॅथलिक. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता कायद्याचा नाही. एलिस बचाव म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण धाग्यात ते एका ओळीत उरकलंय.

एलिस नावाचा माणूस, स्वतः वकील. १९७० च्या दशकात वेदीसेवक असताना धर्मगुरूने अत्याचार केले. मोठेपणी दावा लावला. प्रश्न आला : दावा कुणावर? धर्मगुरू म्हातारा, कफल्लक. त्या वेळचे आर्चबिशप वारलेले. चर्च ही कायद्याच्या नजरेत 'व्यक्ती'च नाही, नुसता श्रद्धावंतांचा समुदाय. उरला तो १९३६ च्या कायद्याखाली मालमत्ता सांभाळणारा ट्रस्ट. त्याने म्हटलं, आमच्याकडे फक्त जमिनी आणि इमारती आहेत, धर्मगुरू आम्ही नेमत नाही. २००७ मध्ये अपील कोर्टाने ते मान्य केलं. अब्जावधींची मालमत्ता असलेल्या संस्थेवर दावा लावायला कुणी सापडेना! त्याआधी त्यांना देऊ केलेली रक्कम ३० हजार डॉलर होती. कोर्टात लढायला चर्चने त्याच्या कितीतरी पट खर्च केला.

आमच्याकडे धर्मग्रामाच्या जमिनीवरून दोन घरं भांडली तरी सातबारा कुणाच्या नावावर हे लहान पोराला ठाऊक असतं. इथे एवढा मोठा डोलारा, आणि मालक अदृश्य.

पण पॅरामाटाकर, तुम्ही शूब्रिज यांना जरा जास्तच श्रेय देताय. त्यांचं विधेयक पडलं. कायदा बदलला तो रॉयल कमिशनमुळे, आणि कमिशन झालं ते पीडितांमुळे. ८ हजारांहून अधिक लोकांनी खासगी बैठकींत तोंड उघडलं. ते सोपं असतं असं वाटतं का तुम्हाला? सिनेटर मंडळी त्यांच्या खांद्यावर उभी आहेत.

निवृत्त_सुभेदार

मुलगा पर्थला, त्यामुळे वर्षातले सहा महिने तिथे. २८ वर्षं पायदळात काढली, म्हणून दोन शब्द.

फौजेबद्दल फौजेबाहेरच्याने प्रश्न विचारूच नये असं मी म्हणणार नाही. पण कोण विचारतं याने फरक पडतो. टास्मानियाच्या सिनेटर जॅकी लॅम्बी घ्या. स्वतः लष्करात होत्या, मिलिटरी पोलिसात काम केलं, दुखापतीने बाहेर पडल्या, खात्याशी भांडणात वर्षं गेली. जवानांच्या आत्महत्यांवर रॉयल कमिशन नेमा म्हणून त्या हटून बसल्या. मॉरिसन सरकार आधी म्हणत होतं, कायमचा आयुक्त नेमतो, कमिशन कशाला. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये झुकलं. सप्टेंबर २०२४ ला अहवाल आला, १२२ शिफारशी. हे मी काम मानतो. बाई शिव्या घातल्यासारखं बोलतात, पण बॅरेकमधल्या माणसाला कळतं की ही आपली आहे.

शूब्रिज साहेबांचं तसं नाही. जवानाला वाटतं, याला आम्ही नको, आमची हत्यारंही नकोत, फक्त आमची लफडी हवीत.

सरळरेषा

सुभेदारसाहेब, नेमकं बोललात. आणि लष्करी वकील डेव्हिड मॅकब्राइडचंच बघा. अफगाणिस्तानची गुप्त कागदपत्रं एबीसी या सरकारी वाहिनीला दिली, मे २०२४ मध्ये ५ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. ग्रीन्सने त्यांना डोक्यावर घेतलं. पण त्यांची मूळ तक्रार काय होती? की सैनिकांची नको इतकी चौकशी होतेय! पत्रकारांना कागदांत दुसरंच दिसलं. हा तपशील त्या भाषणांत फार ऐकू येत नाही.

पॅरामाटाकर

तपशील बरोबर आहे, मला मान्य. पण त्यातून सिद्ध काय होतं? हेतू काहीही असो, कागद खरे होते. अफगाणिस्तानातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या वर्तनावरच्या ब्रेरेटन अहवालाने २०२० मध्ये ३९ अफगाणांच्या बेकायदा हत्यांबद्दल विश्वासार्ह माहिती असल्याचं सांगितलं. आणि तुरुंगात आधी गेला तो कागद देणारा.

सुभेदारसाहेब, तुमचा मुद्दा मनाला लागला. लॅम्बींचं नाव मूळ लेखात यायला हवं होतं. पण "आपला" असल्याशिवाय विचारू नये म्हटलं तर चर्चला फक्त पाद्र्यांनीच प्रश्न विचारायचे का? लीउविनच्या पोरांना "आपल्या"च लोकांनी गप्प केलं होतं.

निवृत्त_सुभेदार

विचारू नये म्हटलं नाही. विश्वास बसायला वेळ लागतो एवढंच म्हटलं. पुन्हा वाचा.

आकडेमोड

पाणबुड्यांवर कुणीच बोलत नाहीये म्हणून. मी ऑकसच्या बाजूचा, तरीही शूब्रिज यांचे तिथले प्रश्न मला रास्त वाटतात. करार असा की २०३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेने तीन व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्या विकायच्या. पण अमेरिकेच्याच कायद्यानुसार, त्यांच्या राष्ट्राध्यक्षाने आधी खात्री द्यायची की याने अमेरिकी नौदलाचं बळ कमी होत नाही. त्यांचे कारखाने वर्षाला साधारण १.२ पाणबुड्या काढतात, लागतात २.३३. मग ऑस्ट्रेलियाने दिलेले पैसे पाणबुडी आली नाही तर परत मिळणार का, हे विचारायला ग्रीन्सचं असावं लागत नाही. मजूर आणि लिबरल दोघेही करारावर एकमत, त्यामुळे त्यांच्यातलं कुणी खोदून विचारत नाही. जो विचारतो त्याचा अजेंडा आहे म्हणून प्रश्न रद्द होतो का?

सरळरेषा

आकडेमोड, हा मुद्दा मी घेतो. प्रश्न रास्त आहे. पण मग तो पाणबुडीच्या गणितावर उभा आहे, पीडितांच्या कामावर नाही. म्हणजे माझं मूळ म्हणणं तसंच : दोन कामं आहेत. एक चांगलं केलं म्हणून दुसरं आपोआप बरोबर ठरत नाही.

चहाबिस्किट

पॉपकॉर्न संपले. धाग्याचं नाव बदलून 'कुलूप कुणाचं' ठेवा.

वसईची_पोर

एक की दोन यावर तुमचं चालू द्या. मला वेगळीच काळजी आहे.

एलिस बचाव गेला म्हणून सगळे निवांत झाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय ते) बॅलरॅट धर्मप्रांताच्या खटल्यात निकाल दिला की धर्मगुरू हा बिशपचा नोकर नाही, म्हणून त्याच्या कृत्याची जबाबदारी आपोआप धर्मप्रांतावर येत नाही. दार एकीकडून उघडलं, दुसरीकडून लोटलं. ज्यांना कोर्टाचा रस्ता अवघड झाला त्यांना उरते राष्ट्रीय भरपाई योजना. कमिशनने कमाल २ लाख डॉलर सुचवले होते, सरकारने दीड लाख ठेवले. आणि रक्कम स्वीकारली की त्या संस्थेवर दाव्याचा हक्क सोडायचा.

आमच्या चर्चमध्ये एक म्हातारे गृहस्थ येतात, इथलेच, गोरे. प्रार्थनेनंतर कॉफी पिताना दोनदा त्यांनी माझ्याजवळ तो अर्ज काढला आणि घडी घालून परत खिशात ठेवला. कुठल्या संस्थेत होते ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. अर्ज घ्यायची मुदत ३० जून २०२७ ला संपते. ग्रीन्स असोत, लॅम्बी असोत, कुणीही असो, पुढच्या एस्टिमेट्समध्ये ती तारीख वाढवणार का एवढं विचारलं तर मी ते थेट प्रक्षेपण पूर्ण बघेन.

निवृत्त_सुभेदार

मुलगी, त्या गृहस्थांना अर्ज भरायला माणूस लागत असेल तर तिकडे मोफत मदत केंद्रं आहेत. सुनेने एकांसाठी फोन केला होता. नंबर मिळवून व्यनि करतो.