वाणसामानासाठी खरोखर चालणारी कूपन कोठे मिळतात? मदत हवी आहे

नमस्कार. कोथरूडमध्ये आम्ही चौघेजण राहतो. भाजी मंडईतून येते, त्यामुळे तिचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो तेल, डाळी, साबण अशा महिन्याच्या सामानाचा. मोबाइलवर मागवताना ‘२० टक्के सवलत’ असे कूपन दिसते, परंतु खाली बारीक अक्षरांत किमान खरेदी ९९९ रुपयांची आणि सवलत जास्तीत जास्त १०० रुपये असे लिहिलेले असते, म्हणजे प्रत्यक्षात सूट जेमतेम १० टक्के पडते आणि ती रक्कम गाठण्यासाठी नको असलेली बिस्किटे घरात येतात. (सध्या ३ डबे भरले आहेत.) गेल्या महिन्यात एका संकेतस्थळावरून घेतलेले पाचही कोड मुदत संपलेले निघाले.

बँकेच्या कार्डावर ठरावीक वारी मिळणारी सवलत, यूपीआय अ‍ॅपमधील स्क्रॅच कार्डे आणि पाकिटांवरील कूपन यांपैकी आपल्याला कशाचा उपयोग झाला, आणि एकाच बिलावर दोन सवलती लागू होतात का, हे कृपया कळवावे. आमचे वाणी छापील किमतीपेक्षा थोडे कमीच लावतात, तेव्हा तुलना त्यांच्या दराशी करून सांगितल्यास अधिक बरे. यूपीआय पिन मागणारे दुवे मात्र पाठवू नयेत. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही.