अनुभव धागा : नोकरी सांभाळून पुन्हा विद्यापीठात (जळगाव, धुळे, नंदुरबार)

कचेरीत पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: आता या वयात पदवी करून पदरात काय पडणार? मी जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे. चाळिशी ओलांडल्यावर इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) लोकप्रशासनातलं एमए केलं, म्हणून विचारणारे माझ्याकडे येतात. पण माझ्या एकटीच्या अनुभवावर दुसऱ्याला दोन-तीन वर्षं खर्ची घालायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून हा धागा. रजा, फी, घर, साहेब, परीक्षा, जे घडलं ते लिहा. नाव नको, पद आणि तालुका पुरे.

आधी माझं सांगते. पदोन्नती ज्येष्ठतेनं जेव्हा यायची तेव्हाच आली, एमएमुळे एक दिवसही अलीकडे सरकली नाही. मिळालं ते वेगळंच. 1961 चा जिल्हा परिषद अधिनियम मी रोज हाताळत होते. त्याच्या मागच्या, पंचायत राज कसं असावं ते सुचवणाऱ्या बळवंतराय मेहता आणि वसंतराव नाईक समित्या, पुढे पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती हे सगळं ओळीनं वाचल्यावर कुठलं कलम कशासाठी आलं ते उमगलं. टिपणी लिहिताना आता मागच्या फायलीतली वाक्यं उतरवून काढावी लागत नाहीत.

ग्रामसेवक (2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी), अक्राणी

मीही इग्नूतूनच केलं. तिथे स्वाध्यायांना (घरी सोडवून द्यायच्या प्रश्नांना) तीस टक्के गुण असतात आणि ते हातानं लिहावे लागतात. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चांदसैली घाटाचा भरवसा नाही, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशीच खाली तळोद्याला उतरून मुक्काम करायचो. स्वाध्याय मात्र पाड्यावरच लिहिले. रेंज नसणं त्या कामाला फार उपयोगी पडलं, हे मनापासून सांगतो.

अभ्यासात 1996 चा पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि आपल्या राज्याचे 2014 चे नियम सविस्तर वाचले. आमच्याकडे एका पाड्याच्या लोकांना मूळ गावापासून वेगळी ग्रामसभा हवी होती. अशी मागणी आली की 'वरून मार्गदर्शन मागवले आहे' असा शेरा मारायची पद्धत पडलेली. पण नियमांत वाट स्पष्ट दिली आहे: पाड्यातल्या मतदारांनी ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. मी ठरावाचा मसुदा लिहिला, झाडाखाली बसून वाचून दाखवला. एका शिकलेल्या पोरानं तो ओळीओळीनं पावरी बोलीत सांगितला. म्हातारी माणसं मधेच थांबवून विचारत होती: जंगलाचं काय, पाण्याचं काय, पैसा कुणाच्या खात्यात येणार? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला देता आलं. नोकरीत इतकं समाधान मला आधी कधी मिळालं नव्हतं.

अंगणवाडी सेविका, अमळनेर

माझं शिक्षण दहावीला सुटलं होतं. मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) व्हायचं तर पदवी हवी. मी केलं तेव्हा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट बीएला प्रवेश मिळायचा. सासूबाई म्हणाल्या, "आते या वयमा काय शिकी ऱ्हायनी वं तू?" पण रविवारी अभ्यास केंद्रावर जायची वेळ झाली की पोरांना त्यांनीच सांभाळलं.

सर्वात मोठी अडचण हाताची. वजन-उंचीचे आकडे आणि रजिस्टरच्या रकान्यांपलीकडे वर्षानुवर्षं काही लिहिलंच नव्हतं. तीन तास सलग लिहायचं तर बोटं आखडायची, पेपर अर्धाच राहील अशी भीती. मग रोज रात्री भांडी झाली की घड्याळ लावून वर्तमानपत्राचा अग्रलेख वहीत उतरवायला लागले. आधी अर्ध्या तासात पाऊण पान व्हायचं, परीक्षेपर्यंत दोन पानं व्हायला लागली. बाकीच्या सेविकांना माझं हेच सांगणं आहे: पुस्तक नंतर उघडा, हात आधी चालता करा.

मानधनावर काम करणाऱ्या बाईला परीक्षा फी आणि जाण्या-येण्याचं भाडं हाही मोठाच खर्च. आमच्या बचत गटानं कर्ज दिलं. मुख्यसेविकेची जागा अजून मिळालेली नाही, जाहिरात निघाली की अर्ज करणार आहे.

पोलीस हवालदार, नंदुरबार

थोडक्यात लिहितो. उपनिरीक्षकाच्या मर्यादित विभागीय परीक्षेला दहावीवाल्याला सहा वर्षं सेवा लागते, बारावीवाल्याला पाच, पदवीधराला चार. वयाचीही अट असते. म्हणून ज्यांना हा रस्ता धरायचा आहे त्यांनी भरतीनंतर लगेच पदवी पूर्ण करावी, चाळिशीची वाट बघू नये. माझं वय निघून गेलं. तरी बीए केलं, कारण जबाब नोंदवताना आणि दोषारोपपत्राचे कागद लावताना मराठी नीट लिहिता यावी ही माझी स्वतःची गरज होती. गणपती बंदोबस्त आणि पेपर एकाच आठवड्यात आले तेव्हा सोबतच्यांनी ड्यूट्या बदलून घेतल्या. त्यांचं ऋण आहे.

अव्वल कारकून (आता सहायक महसूल अधिकारी), जळगाव जिल्हा

मी तीन वर्षांची एलएलबी केली. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कायद्याची पदवी दूरशिक्षणानं करून चालत नाही. वर्गातली हजेरी लागतेच. आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 मध्ये झालं. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती. माझ्या वडिलांच्या पिढीला साध्या गुणपत्रिकेच्या कामासाठी पुणं गाठावं लागे. त्या मानानं आपलं बरंच सोपं झालं आहे.

त्रास झाला तो परवानगीचा. माझा अर्ज एका वरिष्ठ कार्यालयात महिनोन् महिने पडून राहिला आणि पहिल्या वर्षीची प्रवेशाची तारीख टळली. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पुढच्या वर्षी अर्जाची पोच घेतली, स्मरणपत्रं दिली, तेव्हा परवानगी आली. पूर्ण वेळ शिकायचं असेल तर 1981 च्या रजा नियमांत अध्ययन रजा आहे. त्यासाठी 5 वर्षं सेवा झालेली हवी, विषय कामाशी निगडित हवा आणि परत येऊन नोकरी करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. कितीतरी जणांना ही रजा असते हेच ठाऊक नसतं.

फायदा? जमीन महसूल अधिनियमाचं कलम 155 लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) दुरुस्तीसाठी आहे, हक्क बदलण्यासाठी नाही, हे महसूलमध्ये सगळे बोलतात. पण समोरच्या भावाला नोटीस न देता सातबाऱ्यावरचं नाव हललं तर त्या घरावर काय वेळ येते, आणि तो आदेश अपिलात का टिकत नाही, हे कॉलेजात निकाल वाचताना माझ्या अंगात भिनलं. आता माझ्या टेबलावरून नोटिशीची पोच लावल्याशिवाय प्रकरण पुढे जात नाही.

धागाकर्ती

दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले आहेत, एकत्र उत्तर देते. एकाच वेळी दोन पदव्या चालतात का? हो, युजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2022 मध्ये तशी मुभा दिली आहे, मात्र दोन्ही नियमित असतील तर वर्गांच्या वेळा एकमेकींवर यायला नकोत. आणि कोणती पदवी घ्यावी? आधी तुम्हाला हव्या असलेल्या पदाचे सेवाप्रवेश नियम आस्थापना शाखेतून मागून वाचा, मग त्या वर्षी त्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाला युजीसीची मान्यता आहे ना ते तपासा आणि परवानगीचा अर्ज प्रवेशाच्या बऱ्याच आधी टाका. निकाल लागला की गुणपत्रिकेची नोंद सेवापुस्तकात करून घ्यायला विसरू नका. शिक्षक आणि आरोग्यसेविकांचे अनुभव अजून आलेले नाहीत, त्यांनी जरूर लिहावं.