अमेरिकेत उमेदवार कोणी ठरवायचा: मतदारांनी की पुढाऱ्यांनी?

कोपरखळी:
'जनता विरुद्ध प्रस्थापित' म्हटलं की सगळे भाषणं ऐकत बसतात. खरी मेख उमेदवारीच्या नियमांत आहे. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदार जिथे मत देतात ती निवडणूक) न उतरता अध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, कारण पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे बहुतेक प्रतिनिधी राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांच्या मुठीत होते. शिकागोत अधिवेशनाबाहेर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या. मग पक्षाच्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने (सेनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न त्याचे अध्यक्ष होते) नियम बदलले, प्रायमऱ्या वाढल्या, आणि १९७२ ला उमेदवारी मिळाली ती मॅकगव्हर्न यांनाच! ५० पैकी ४९ राज्यांत आपटले. पक्षाची चाळणी काढली की हे होणारच. पुढाऱ्यांकडे थोडा तरी नकाराधिकार हवा.

आडवाटकरी:
आणि चाळणी परत लावल्यावर काय झालं? डेमोक्रॅट्सनी १९८४ पासून सुपरडेलिगेट आणले, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी यांना अधिवेशनात हक्काचं मत. त्यातले बहुतेक वॉल्टर मोंडेलच्या मागे उभे राहिले. मोंडेलही ४९ राज्यांत हरले. हम्फ्री तरी कुठे जिंकले होते?

शिवाय पॉप्युलिस्ट, म्हणजे जनतेच्या नावाने प्रस्थापितांना आव्हान देणारे, नुसता गोंगाट नव्हेत. १८९२ मध्ये पीपल्स पार्टी या त्यांच्या पक्षाने ओमाहात चढत्या दराचा आयकर मागितला, सेनेटर थेट जनतेने निवडावेत असं म्हटलं (तेव्हा ते राज्यांची विधिमंडळं निवडत). त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणारी, राज्यांना वाटून दिलेली मतं) मिळाली फक्त २२. पुढे पक्ष संपला, पण १९१३ साली दोन्ही मागण्या १६ वी आणि १७ वी दुरुस्ती म्हणून घटनेत जाऊन बसल्या.

कोपरखळी:
मोंडेलचा टोला मान्य. पण २०१६ ची साउथ कॅरोलायनातली रिपब्लिकन प्रायमरी बघा. ट्रम्प यांना मतं साडेबत्तीस टक्के, प्रतिनिधी ५० पैकी ५०. दोन तृतीयांश मतदारांनी दुसऱ्यांना मत दिलं होतं. हा जनतेचा कौल?

आकडेमोड:
तो दोष जनतेचा नाही, वाटपाचा आहे. तिथे २९ प्रतिनिधी राज्यात पहिल्या येणाऱ्याला आणि सात मतदारसंघांत प्रत्येकी ३ तिथल्या पहिल्याला. ट्रम्प सगळीकडे पहिले, म्हणून सगळे त्यांचे. हीच मतं डेमोक्रॅट्सच्या पद्धतीने मोजा: १५ टक्क्यांखालचे बाद, उरलेल्यांत प्रमाणशीर वाटणी. ट्रम्पचे प्रतिस्पर्धी रुबिओ आणि क्रूझ दोघेही २२ टक्क्यांच्या थोडे वर होते, बाकी कोणी १५ गाठले नाहीत. ढोबळ हिशेबाने ट्रम्पना २१, उरलेल्या दोघांना मिळून २९. आणि 'पहिल्याला सगळं' हा नियम केला कोणी? पक्षातल्याच मंडळींनी. आपणच खणलेल्या खड्ड्यात पडायचं आणि जनतेला बोल लावायचा!

कोपरखळी:
बरं, प्रायमरीत ही जनता येते तरी किती? व्हर्जिनियात रिपब्लिकन एरिक कँटर यांना नोव्हेंबर २०१२ च्या मुख्य निवडणुकीत सव्वादोन लाखांच्या आसपास मतं होती. जून २०१४ च्या प्रायमरीत त्यांच्याच पक्षाच्या डेव्ह ब्रॅट यांनी त्यांना सुमारे ३६ हजार विरुद्ध २९ हजार असं पाडलं. प्रतिनिधीगृहातला बहुमताचा नेता ६५ हजारांच्या मतदानात घरी. आपल्याकडे निदान एबी फॉर्म कोणी कापला ते कळतं.

आडवाटकरी:
एबी फॉर्मचं कौतुक नको! उपाय दार लावून घेण्यात नाही, ते रुंद करण्यात आहे. अलास्कात सेनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० ची रिपब्लिकन प्रायमरी हरल्या, मग मतपत्रिकेवर लोकांनी हाताने नाव लिहून त्यांना निवडून दिलं. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनीच पद्धत बदलली: सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी, पहिले चार पुढे, नोव्हेंबरमध्ये त्या चौघांना पसंतीक्रमाने मतं. २०२२ ला ट्रम्प यांचा पाठिंबा मर्कोव्स्कींच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्धी केली चिबाका यांना होता. पहिल्या पसंतीत मर्कोव्स्की जेमतेम पुढे, बाद झालेल्यांची मतं फिरल्यावर पन्नाशीपार. हे कुठल्या पक्षश्रेष्ठींनी दिलं नाही, सार्वमतातून आलं. ते हत्यार पॉप्युलिस्टांच्याच भात्यातलं.

आकडेमोड:
पुढचंही सांगा की. २०२४ मध्ये हीच पद्धत रद्द करायचा प्रस्ताव तिथल्याच मतदारांपुढे आला आणि पडला तो हजाराहून कमी मतांनी. जवळजवळ निम्म्यांना जुन्या पक्षनिहाय प्रायमऱ्या परत हव्या होत्या. आता यातली 'जनता' कोणती धरायची, ते तुम्ही दोघं ठरवा.