चेहरे ओळखणारा भाग ‘बंद’ असतो म्हणे!

विश्रामबागची_आई
काल इथं एका सद्गृहस्थांनी लिहिलं की ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूतला चेहरे ओळखणारा भाग बंद असतो, म्हणून ती आईलाही ओळखत नाहीत; रोज बळजबरीनं डोळ्यांत बघायला लावलं की तो भाग ‘चालू’ होतो. खाली ‘छान माहिती सर’ची रांग. मग माझी सटकली.

माझा पोरगा संकष्टीला गणपती मंदिराच्या गर्दीत मला बरोबर हुडकून काढतो. बंद कुठाय? २००० सालच्या स्कॅनमध्ये ऑटिझम असलेल्यांचा फ्युझिफॉर्म हा मेंदूतला भाग चेहरे बघताना कमी चालतो असं दिसलं, ते खरं. पण २००५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॅन चालू असतानाच मुलांची नजर कुठं जाते तेही टिपलं. जी मुलं डोळ्यांकडं जास्त वेळ बघत होती, त्यांचा फ्युझिफॉर्म जास्त चालत होता. आणि त्याच वेळी अमिग्डला हा मेंदूतला दुसरा भागही पेटत होता. धोका दिसला की जागा होतो तो. म्हणजे यंत्रणा आहे, पण डोळ्यांत बघणंच जड जातंय. अशा पोराची हनुवटी धरून ‘बघ माझ्याकडं’ म्हणायचं?

मिरजेचा_तंबोरा
ताई, सोयीचं तेवढंच वाचू नका. २००२ चा अभ्यास घ्या. ऑटिझम असलेली तीन-चार वर्षांची मुलं, डोक्याला इलेक्ट्रोड. आईचा फोटो आणि परक्या बाईचा फोटो, मेंदूच्या लहरींत फरक नाही. ओळखीचं खेळणं आणि नवं खेळणं, तिथं मात्र फरक! हे कुठं बसवणार? माझ्या भाच्याला आम्ही समोर बघायची सवय लावली, रडला तरी लावली. आज तो बँकेत एकटा जाऊन काम करून येतो. लाड करून होत नाही हे.

विश्रामबागची_आई
२००८ चा अभ्यास वाचा की मग. मुलं जरा मोठी होती. आईचा चेहरा किंवा दुसऱ्या मुलांचे चेहरे दाखवले तर फ्युझिफॉर्म इतर मुलांसारखाच चालला. अडलं ते अनोळखी मोठ्या माणसांपाशी. आणि भाचा बँकेत जातो याचा आनंदच आहे. डोळ्यांत बघताना समोरचा काय बोलतो ते कळतं का, हे विचारलंय कधी त्याला?

वाळव्याचे_मास्तर
हे सगळं मोबाइलनं केलंय. आमच्या वेळी वर्गात असलं एक पोर नव्हतं.

विश्रामबागची_आई
गुरुजी, लिओ कॅनर या डॉक्टरनं १९४३ साली ऑटिझम असलेल्या अकरा मुलांवर लिहिलं. ती कुठलं रील बघत होती? तुमच्या वर्गात होती ती. ‘येडं’ म्हणून मागच्या बाकावर.

कृष्णाकाठ
मेंदूबिंदू ऱ्हाऊ दे, आमच्याकडचा खरा रोग वेगळाच. लग्नात दिसंल ती आत्या पोराचा गाल धरती आन म्हणती, ‘वळखलंस का? सांग बरं मी कोण?’ माझी पोरगी जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. त्यावर वरनं ऐकायला मिळालं, ‘आईनं वळण लावलं न्हाय.’

पलूसची_आत्या
म्हणजे आता प्रेमानं विचारायचंही नाही? वर्षातनं एकदा भेटतो आम्ही. पोरानं नाव घेतलं तर बरं वाटतं.

कृष्णाकाठ
बरं तुमाला वाटतं ओ. परीक्षा पोरीची हुती.

पलूसची_आत्या
तुमच्या घरी येणारच नाही, मग तर झालं!

सातारा_राजवाडा
भांडण झालं असेल तर बोलतो. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय ३१. मामा तिरुपतीहून टक्कल करून आला. पोवई नाक्यावर समोरून हात केला, मी सरळ निघून गेलो. ‘अरे शहाण्या’ म्हणाला तेव्हा आवाजावरून कळलं. माणसं मी चालण्यावरून, चपलेवरून, आवाजावरून ओळखतो. ‘ओळखलंस का’ असं चेहरा पुढं करून विचारलं की त्यातलं काहीच हाताशी नसतं.

मिरजेचा_तंबोरा
म्हणजे चेहरा ओळखता आला नाहीच. मी दुसरं काय म्हणतोय?

सातारा_राजवाडा
माझ्यापुरतं खरं. पण आमच्या ग्रुपमध्ये एकाला दहावीच्या वर्गातले सगळे चेहरे आजही पाठ आहेत, त्यालाही ऑटिझमच आहे. अभ्यासातला फरक सरासरीचा असतो, तो प्रत्येकाच्या कपाळावर चिकटवू नका. आणि डेमियन मिल्टन या संशोधकांनी २०१२ च्या लेखात मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधलं न समजणं दोन्हीकडून असतं. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. माझा चेहरा शांत दिसला की लोक म्हणतात, ‘रागावलास का?’ चेहरा वाचायला कोण चुकलं? त्यांचा फ्युझिफॉर्म कुणी तपासत नाही.

वाळव्याचे_मास्तर
मोबाइलचं मी म्हणालो ते कुणी खोडलं नाही.

कृष्णाकाठ
खोडलंय गुरुजी. वर जावा.

मिरजेचा_तंबोरा
बरं. हनुवटी धरणं बंद करा, एवढं मान्य. तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. पण समोर बघायचा सराव मी सोडायला सांगणार नाही. मुलाखतीत समोरचा साहेब २०१२ चा लेख वाचून बसलेला नसतो.

विश्रामबागची_आई
मग साहेबाच्या भुवयांच्या मधे बघायला शिकवा. समोरच्याला फरक कळत नाही, पोराला घाम फुटत नाही. आमच्याकडं तेच चालतं.

पलूसची_आत्या
मी पुढच्या वेळी आल्या आल्या स्वतःच सांगेन, ‘मी पलूसची आत्या.’ आता पुरे का?

कृष्णाकाठ
गालाला हात न लावता, आत्या.