शब्दचर्चा : ‘बटणे उलटी करा’ म्हणजे नेमके काय करा?

मूळ प्रश्न

वाद्य दुरुस्त करणाऱ्याशी मराठीत बोलताना शब्द अपुरे पडतात की आपणच ते ढिलाईने वापरतो, हा प्रश्न मला गेल्या महिन्यात एका इलेक्ट्रिक गिटारमुळे पडला.

माझी गिटार टेलिकास्टर घडणीची आहे. १९५१ पासून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गिटारच्या अंगावर, तारांच्या खालच्या बाजूला, दोन स्क्रूंनी आवळलेली एक अरुंद धातूची पट्टी असते. तिच्यावर मानेकडून मागे येताना आधी पिकअप (तारांचे कंपन चुंबक आणि वेटोळ्याने टिपून त्याचा विद्युत संकेत करणारा भाग) निवडायची दांडी, मग आवाजाचे बटण आणि शेवटी टोनचे बटण अशी सरळ ओळ असते. वाजवताना उजव्या हाताची करंगळी आवाजाच्या बटणावर ठेवायची मला सवय आहे. तार छेडते वेळी आवाज पूर्ण उतरवलेला ठेवायचा आणि छेडल्याबरोबर करंगळीने तो चढवायचा, म्हणजे नखीचा आघात ऐकू येत नाही आणि गजाने काढल्यासारखा स्वर हळूहळू फुलतो. मूळ मांडणीत करंगळी बटणापर्यंत पोहोचते खरी, पण दांडी वाटेत येते. यावर अनेक वादक करत आले आहेत तो उपाय सोपा आहे. दोन स्क्रू काढायचे, पट्टी अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवायची, म्हणजे दांडी मागे जाते आणि बटणे पुढे येतात. मात्र पट्टी फिरवली की टोन पहिला आणि आवाज दुसरा होतो, म्हणून त्या दोघांच्या वायरी आपसात बदलाव्या लागतात. (येथे ‘तारा’ न म्हणता मुद्दाम ‘वायरी’ म्हटले आहे, गिटारच्या बाबतीत तो घोळ वेगळाच.) शिवाय दांडी मानेकडे ढकलल्यावर जो मानेजवळचा पिकअप लागायचा, त्याऐवजी आता घोडीजवळचा लागतो; तेही सरळ करून घ्यावे लागते.

मी फोनवर एवढेच सांगितले होते : ‘बटणे उलटी करून द्या.’ गिटार परत आली तेव्हा पट्टी होती तशीच होती. बटणे फिरण्याची दिशा मात्र उलटली होती. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवले की आवाज कमी आणि विरुद्ध फिरवले की जास्त. आत पाहिले तर प्रत्येक बटणाच्या तीन पायांपैकी कडेच्या दोन पायांवरच्या वायरी एकमेकींच्या जागी नेल्या होत्या आणि डाख अगदी स्वच्छ दिला होता. आवाजाच्या बटणाचा रोध कानाच्या सवयीप्रमाणे वाढत जाणारा, म्हणजे आधी थोडा आणि पुढे भराभर, असा असतो. तो उलट्या अंगाने जोडल्यामुळे बटण निम्मे फिरवले तरी आवाज जेमतेम उतरायचा आणि शेवटच्या थोड्याशा भागात एकदम कोसळायचा. कारागिराला दोष देता येत नाही. डावखुऱ्या वादकासाठी बटणांची दिशा अशीच बदलून देतात आणि त्यालाही ‘उलटे करणे’ असेच म्हणतात.

तेव्हा फिरवायच्या बटणाला, ‘उलटे’ करण्याच्या या निरनिराळ्या प्रकारांना आणि वाद्याची मांडणी आपल्या वाजवण्याला जुळवून घेण्याच्या एकूण कामाला नेमके काय म्हणावे, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

‘बटण’ हा शब्द मराठीत फार ओझे वाहतो. सदऱ्याचे बटण आपण लावतो, दिव्याचे दाबतो, रेडिओचे फिरवतो, आणि तरीही घरात कधी गोंधळ होत नाही, कारण वस्तू समोर असते आणि क्रियापद तिच्याबरोबर येते. आपण फोनवर ‘उलटी करून द्या’ म्हणालात, तेव्हा ‘करणे’ या मोघम क्रियापदामुळे वस्तूही मोघम झाली. माझ्या मते दोष ‘बटणा’पेक्षा ‘करा’चा अधिक आहे.

तरी पर्याय पाहू. ‘खुंटी’ येथे चालणार नाही. तंतुवाद्याची खुंटी पिळली की स्वर चढतो-उतरतो, आणि आपल्याला स्वर हलवायचा नाही. पिकअप निवडणारी दांडी खाचेत खट्‌कन बसते, म्हणून तिला ‘खटका’ म्हणण्याचा मोह होतो. पण गाण्याबजावण्यात खटका हा अलंकार आहे, आणि ‘या जागी खटका घ्या’ असे म्हटल्यावर वादक दांडीकडे न जाता तारेवरच बोट मारील. ‘फिरकी’ हा शब्द मला व्यक्तिशः आवडतो, कारण कानातल्या कुडीची फिरकी याच आकाराची आणि याच चालीने फिरणारी असते; परंतु ‘फिरकी घेणे’ इतके प्रचलित आहे की दुकानात हसू होईल. उरते ती ‘कळ’. कळ दाबता येते, फिरवता येते, ओढता येते. तेव्हा ‘निवडकळ’ आणि ‘फिरती कळ’ असे दोन शब्द सुचवतो.

ओढण्याचेही सांगतो. काही गिटारांत आवाजाचे बटण वर ओढले की दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपमधले एक वेटोळे बंद होते आणि आवाज पातळ, लखलखीत होतो. तेथे एकाच बटणाला दोन क्रियापदे लागतात. म्हणून नाम कोणतेही घ्या, क्रियापद सोडू नका.

दुसरा प्रतिसाद

‘उलटे’ या शब्दावर मात्र मला थोडे लांबवर लिहावेसे वाटते.

मराठीत वस्तूची दिशा बदलण्याला बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी येत नाहीत. भांडे पालथे घालतात, सदरा उलटा घालतात, खाट फिरवून लावतात, दोन वस्तूंची अदलाबदल करतात. आपल्या पट्टीला जे करायचे होते ते ‘फिरवून लावणे’; त्यानंतर बटणांच्या कामाची ‘अदलाबदल’; आणि कारागिराने केले ते ‘दिशा बदलणे’. ‘उलटे’ हा शब्द या तिन्ही ठिकाणी शिरतो आणि तिन्ही ठिकाणी अपुरा पडतो.

याचे ठळक उदाहरण डावखुरे गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांचे आहे. ते उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर (टेलिकास्टर काढणाऱ्या फेंडर कंपनीचीच दुसरी गिटार) डाव्या हाताने वाजवत, म्हणजे गिटार उलटी धरलेली, पण तारा त्या धारणेप्रमाणे सुलट लावून घेतलेल्या. परिणामी बटणे तारांच्या खाली राहण्याऐवजी वर आली. ‘हेंड्रिक्स उलटी गिटार वाजवत’ एवढेच म्हटले तर तारांचे काय झाले हे कळत नाही. काही डावखुरे वादक तारा न बदलताही वाजवतात, आणि त्यांनाही आपण हेच वाक्य लावतो.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे आणि त्यात चूक आपली नाही, गिटारवाल्यांची आहे. स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हा तिच्यावर तीन पिकअप होते आणि निवडकळीला तीनच खाचा होत्या. वादकांनी दांडी दोन खाचांच्या मधोमध अडकवून ठेवायला सुरुवात केली, कारण तेथे शेजारचे दोन पिकअप एकदम लागत आणि आवाज किंचित पोकळ, टणटणीत येई. ही वादकांची पळवाट फेंडर कंपनीने मान्य करून पाच खाचांची कळ बसवली ती १९७७ मध्ये. या मधल्या आवाजांना वादक सर्रास ‘आउट ऑफ फेज’, म्हणजे कला (कंपनाचा टप्पा) उलटी असलेले, म्हणतात. वास्तविक ते दोन पिकअप समांतर जोडलेले असतात आणि त्यांची कला एकच असते. तारेवरच्या दोन निरनिराळ्या जागांचे कंपन मिसळल्यामुळे काही वरचे स्वरांश एकमेकांना मारतात आणि तो पोकळपणा येतो. कला खरोखर उलटवायची असेल तर ‘क्वीन’ बँडचे वादक ब्रायन मे यांची गिटार पाहावी. त्यांनी १९६३ पासून वडिलांबरोबर घरी घडवायला घेतलेल्या त्या गिटारला तीन पिकअप असून प्रत्येकासाठी दोन सरकत्या कळा आहेत : एक चालू-बंद करण्याची, दुसरी कला उलटवण्याची. कला उलटवून दोन पिकअप एकत्र लावले की खालचे नाद गळून पडतात आणि आवाज नाकातून आल्यासारखा होतो. हे ‘उलटवणे’ वायरींची टोके बदलून होते, जागा बदलून नव्हे. म्हणून आपल्या कामासाठी ‘उलटवणे’ हा शब्द कलेपुरता राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

तिसरा प्रतिसाद

एकूण कामाला काय म्हणावे, यावर लिहितो. ‘फेरफार’ म्हटले की सातबारा डोळ्यांपुढे येतो, नाहीतर कोणीतरी कागदपत्रांत लबाडी केल्याचा वास येतो. ‘सुधारणा’ म्हणावे तर मूळ रचनेत दोष होता असे ठरते, आणि तेही खरे नाही. स्ट्रॅटोकास्टरवर आवाजाचे बटण तारांना अगदी लागून आहे. जेफ बेक यांच्यासारख्या वादकाने करंगळीने आवाज फुलवण्याची सगळी करामत त्याच जवळिकीवर उभी केली. आणि जोरकस ताल धरणाऱ्या वादकाचा हात त्याच बटणाला लागून गाण्याच्या मध्येच आवाज उतरतो, म्हणून तो आवाजाचे काम मागच्या बटणावर नेतो, दोन टोनऐवजी एकच टोन ठेवतो आणि पुढचे बटण काढून टाकतो. येथे कोण कोणाचे काय सुधारतो?

मला ‘बेतून घेणे’ हा शब्द योग्य वाटतो. शिंपी कापड अंगाबरोबर बेततो. कापड वाईट होते असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे ‘हात बसणे’ आणि ‘हाताला बसवून घेणे’ असा सुरेख भेद आहे. पहिल्यात हात वस्तूची सवय करून घेतो, दुसऱ्यात वस्तू हाताची. वाद्यांच्या बाबतीत ही दुसरी परंपरा जुनीच आहे : मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घडण) गायकाच्या पसंतीप्रमाणे खुली किंवा बंद करून देतात, आणि त्यासाठी क्रियापद ‘काढणे’ किंवा ‘लावणे’ हेच येते, ‘सुधारणे’ नाही. ‘गिटारची बटणे हाताला बेतून घेतली’ हे वाक्य माझ्या कानाला परके वाटत नाही.

‘लेआउट’साठी आपण ‘मांडणी’ वापरलीच आहे, ती ठीक आहे. ‘ठेवण’ मात्र नको; ठेवण नाकाची असते, ती बदलता येत नाही.

चौथा प्रतिसाद

दुकानात ‘पॉट’ (फिरत्या बटणाखालचा भाग, पोटेन्शियोमीटर), ‘स्विच’, ‘वायरिंग’ आणि ‘सोल्डर’ हे शब्द चालतात आणि समजतात, तेव्हा त्यांना हलवू नये. ‘पॉट’ला ‘विभवमापी’ म्हणणे तर सरळ चूक होईल, कारण गिटारमध्ये तो काहीही मापत नाही. तीन पायांचा बदलता रोध एवढेच त्याचे काम. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपसाठी २५० किलोओहमचा आणि दुहेरीसाठी ५०० किलोओहमचा पॉट घालतात, आणि कारागिराला हा आकडा सांगितला की शब्दाची गरजच उरत नाही.

बदलायचाच असेल तर ‘टोन’ बदला. ते बटण फिरवल्यावर आवाजात खर्ज वाढतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात वरचे नाद कपॅसिटरमधून जमिनीकडे (‘ग्राउंड’च्या वायरीकडे) जातात आणि उरलेला आवाज बोथट वाटतो. त्याला मी ‘धार’ म्हणेन : धार ठेवा, धार काढा. बाकी नावांवर फार विसंबू नये, कारण या वाद्याचे मूळ नामकरणच विसविशीत आहे. फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांनी स्वराची उंची हलवणाऱ्या दांडीला ‘ट्रेमोलो’ म्हटले, जे वास्तविक ‘व्हायब्रॅटो’ आहे, आणि आवाजाची तीव्रता हलवणाऱ्या अँप्लिफायरला ‘व्हायब्रॅटो’ म्हटले, जो ‘ट्रेमोलो’ आहे. गिटारवादक एडी व्हॅन हॅलन यांच्या प्रसिद्ध लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या गिटारवर एकच बटण होते. ते आवाजाचे होते आणि त्यावर लिहिले होते ‘टोन’.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. ‘बेतून घेणे’ मी घेतले, ‘निवडकळ’ही घेतली. ‘धार’ सुंदर आहे, पण चिठ्ठीत ‘टोन’च ठेवला, कारण धार म्हटल्यावर कारागीर फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासायला घेतील अशी धास्ती वाटली. ‘उलटे’ हा शब्द पूर्ण टाळला. गिटारबरोबर काल दिलेली चिठ्ठी अशी :

‘पट्टी अर्धा वळसा फिरवून बसवावी. पुढून पहिले बटण आवाजाचे, दुसरे टोनचे, शेवटी निवडकळ. दोन्ही बटणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर चढावीत. निवडकळीची दांडी मानेकडे ढकलली की मानेजवळचा पिकअप लागावा.’

कारागिरांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, ‘पुढून म्हणजे मानेकडून की घोडीकडून?’ तो शब्द खोडून तेथे ‘मानेकडून’ असे लिहून दिले आहे.