मदत हवी आहे: बाबांची जुनी लँडलाइन (इलिनॉय) परत मिळवता येईल का?

नमस्कार मंडळी,

बाबा ८३ वर्षांचे आहेत. शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात एकटे राहतात, मी नॉर्थ कॅरोलायनात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांचा जुना फोन आहे. आई गॅसपाशी उभी राहून बोलायची म्हणून त्याची वेटोळी वायर ताणून ताणून पार सैल झालीये. नंबर १९७९ पासून तोच. सांगलीच्या आत्याला तो नंबर तोंडपाठ आहे. बाबांच्या गळ्यात मदतीचं बटण असतं, तेही याच लाइनवर चालायचं.

मार्चमध्ये फोन कंपनीचा फोन आला, "लाइन अपग्रेड करतोय, बिल कमी येईल." बाबा हो म्हणाले. माणूस येऊन तांब्याची लाइन काढून गेला आणि तळघरात मोडेम बसवून गेला. मागच्या आठवड्यात वादळात संध्याकाळी वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तोवर फोन बंद, बटण बंद. मोबाइल त्यांनी चार्जच केला नव्हता, आणि तसंही त्या घरात सिग्नल जेमतेम. रात्री दहा वाजता मी शेजारच्या बाईंना पाठवलं. बाबा टॉर्च लावून खुर्चीत बसले होते. नंतर मला म्हणाले, "अगं, रिसीव्हर उचलला तर टोनच नाही. आधी कितीदा वीज गेली, पण फोन कधी गेला नव्हता."

खरंच आहे ते. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्टची वीज यायची, आणि तिथे बॅटऱ्या नि जनरेटर असायचे. आता तांब्याच्या जागी आलेल्या फायबरमधून, म्हणजे काचेच्या तंतूतून, फक्त उजेड येतो. मोडेमला घरातलीच वीज लागते.

कंपनीचं म्हणणं, ग्राहकाने स्वतः होकार दिलाय, रेकॉर्डिंग आहे. म्हणून चार रात्री बसून कायदा वाचला. इलिनॉयमध्ये फोनसाठी १९८५ चा युनिव्हर्सल टेलिफोन सर्व्हिस प्रोटेक्शन कायदा आहे. नाव वाचून मला धीर आला होता. पण २०१० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन मोठ्या कंपन्यांना ग्राहकांना थेट विकलेल्या सेवेसाठी 'बाजाराधिष्ठित नियमन' निवडायची मुभा मिळाली, म्हणजे बहुतेक प्लॅनचे दर राज्याच्या कॉमर्स कमिशनच्या (फोन-वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या) हातातून सुटले. मग २०१७ चा कायदा, कंपन्यांना जुनी लँडलाइन बंद करायची वाट देणारा. गव्हर्नर राउनर यांनी नकाराधिकार वापरला होता, १ जुलै २०१७ ला दोन्ही सभागृहांनी तो मोडून काढला. त्याच विधेयकात ९११ चा अधिभार ८७ सेंटवरून दीड डॉलर केला होता, शिकागोत ३.९० वरून ५ डॉलर. आणीबाणीच्या फोनसाठी पैसे वाढवायचे आणि वीज गेली तरी ९११ ला लागणारी लाइन बंद करायची वाट त्याच कागदावर मोकळी करायची, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

तरी त्या कायद्यात एक आधार आहे. लँडलाइन बंद करायची तर कंपनीने कमिशनला आणि ग्राहकांना नोटीस द्यायची, केंद्राच्या दूरसंचार आयोगाची, म्हणजे एफसीसीची परवानगी घ्यायची, आणि ग्राहकाने मुदतीत लेखी मागितलं तर दुसरी भरवशाची सेवा शोधून द्यायला कमिशनने मदत करायची. पण हे सगळं 'सेवा बंद' झाली तर. बाबांची सेवा कागदोपत्री बंद झालेलीच नाही, त्यांनी ती 'बदलून' घेतली आहे. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: नोटीस निघतच नाही, त्यामुळे पुढची एकही तरतूद लागू होत नाही.

माझे प्रश्न: फोनवरच्या अशा होकारानंतर तांब्याची लाइन कुणी परत जोडून घेतली आहे का? तक्रार कमिशनकडे करू की एफसीसीकडे? आणि तोवर बाबांसाठी काय करू?

शिकागोकर७१:
ताई, आधी बाबांचं बघा. कुठलाही चालू मोबाइल, प्लॅन नसला तरी, सिग्नल मिळाला की ९११ ला लागतो. एक जुना फोन चार्जरला लावून त्यांच्या पलंगापाशी ठेवा. गळ्यातलं बटण सेल्युलर प्रकारचं मिळतं ते घ्या, पण घरात सिग्नल कमी आहे म्हणता तर एकेका खोलीतून, विशेषतः न्हाणीघरातून, दाबून तपासा. आणि नव्या फोनला ९११ साठी कुठला पत्ता नोंदवलाय ते कंपनीकडून लेखी घ्या. इंटरनेटवरच्या फोनला तो पत्ता हाताने नोंदवलेला असतो, चुकला तर ॲम्ब्युलन्स भलतीकडे जाते.

मेथीकूट:
मोडेमला बॅटरी मागितलीत का? २०१५ च्या केंद्रीय नियमाने कंपन्यांना आठ तासांची आणि २०१९ पासून चोवीस तासांची सोय विकत द्यावी लागायची, खर्च ग्राहकाचा. तो नियम १ सप्टेंबर २०२५ ला संपला. तरी दुकानातून साधा यूपीएस आणून मोडेम त्याला लावता येतो. आम्ही आईकडे तेच केलंय. फक्त महिन्यातून एकदा प्लग काढून बघायचं की टोन येतोय का.

सॅक्रामेंटोची_माई:
आमच्याकडे कॅलिफोर्नियात २०१२ च्या कायद्याने राज्याच्या युटिलिटी आयोगाला इंटरनेट फोनवर नियमन करायला बंदी होती, ती २०२० च्या सुरुवातीला संपली. एका मोठ्या कंपनीने 'दुसरं कुणी देत नसेल तिथेही सगळ्यांना फोन द्यायची जबाबदारी' काढून घ्या म्हणून अर्ज केला, तर सुनावण्यांना डोंगरातली म्हातारी माणसं येऊन बोलली. वणव्याच्या दिवसांत वीज मुद्दाम तोडतात, तेव्हा तांब्याची लाइनच चालते हो. जून २०२४ मध्ये आयोगाने अर्ज फेटाळला. म्हणून सांगते, लिहा. एकट्याचं पत्रही फाइलला लागतं.

शिकागोकर७१:
तक्रारीचं राहिलंच. दोन्हीकडे करा. एफसीसीची अनौपचारिक तक्रार फुकट असते, आणि ती कंपनीकडे पोचली की तिला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. होकाराचं रेकॉर्डिंग त्यातच मागा. वीज गेल्यावर फोन बंद पडेल हे बाबांना सांगितलं होतं का, एवढं एकच विचारा. शिवाय सिटिझन्स युटिलिटी बोर्डाला फोन करा. विधिमंडळानेच १९८३ मध्ये ग्राहकांसाठी काढलेली संस्था आहे. २०१० च्या त्याच दुरुस्तीत 'कन्झ्युमर्स चॉइस' नावाचे तीन स्वस्त लँडलाइन प्लॅन कंपनीवर बंधनकारक केले होते, सगळ्यात साध्यात महिन्याला ३० लोकल कॉल. कंपनी आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावा लागतो. बाबांच्या पत्त्यावर तो अजून मिळतो का, हे बोर्डाची माणसं सांगतील.

(मूळ लेखिका):
सगळ्यांचे मनापासून आभार. रेकॉर्डिंगचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आज सकाळी बाबांना विचारलं, "तुम्हाला विजेबद्दल काही सांगितलं होतं का?" म्हणाले, "नाही. जन्मतारीख विचारली आणि नंबर तोच राहील ना, एवढं मीच विचारलं." तक्रारीत हेच शब्द घालते. शेजारच्या बाई संध्याकाळी यूपीएस आणून लावणार आहेत, मी फोनवर असेन. कन्झ्युमर्स चॉइस अलीकडे कुणी प्रत्यक्ष घेतला असेल तर कृपया इथे लिहा, तोपर्यंत धागा उघडा ठेवते.